मेजरला एंट्री: खेळून मिळवायची की पत्रिका आली तरच जायचं?

बंकरातला_बंड्या
ऑफिसच्या ग्रुपवर पेटलेला वाद इथे आणतोय, कारण तिथे गोल्फ कळणारे अडीच लोक आहेत आणि त्यातला अर्धा मी. तर माझं म्हणणं असं, की गोल्फच्या चार मेजरपैकी, म्हणजे सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी, यूएस ओपन आणि द ओपन या दोनच खऱ्या स्पर्धा, बाकीच्या दोन, मास्टर्स आणि पीजीए, म्हणजे पत्रिका आली तरच जायचं असं लग्न. यूएस ओपनला २०२५ साली १०,२०२ अर्ज आले, रेकॉर्ड! प्रो असाल तर फॉर्म भरा, हौशी असाल तर हँडीकॅप (खेळाची पातळी सांगणारा आकडा, जितका कमी तितका भारी) ०.४ किंवा त्याखाली पाहिजे, बास. आधी लोकल क्वालिफायिंगचे १८ होल, त्यातून सुटलात तर फायनल क्वालिफायिंग, एकाच दिवसात ३६ होल. त्या वर्षी इंडियानापोलिसचा मॅट व्होट नावाचा डेंटिस्ट असाच आत घुसला, आणि तो पण ओकमाँटच्या कोर्सवर, जिथे हा माणूस पूर्वी कॅडी म्हणून दुसऱ्यांच्या बॅगा उचलायचा. मास्टर्सला क्वालिफायिंग राउंड हा प्रकारच नाही. बोला आता.

तिसरा_पट
जोरदार असहमत. डेंटिस्टची गोष्ट गोड आहे पण पुढचं का गाळलं? पहिल्याच दिवशी ८२ स्ट्रोक लागले (इथे जितके कमी तितके चांगले) आणि कट हुकला, म्हणजे दोन दिवसांतच घरी. आणि मास्टर्सचे निकष काय गुपित आहेत का, वर्षअखेरीला वर्ल्ड रँकिंगमध्ये पहिले ५०, स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात परत पहिले ५०, बाकी तीन मेजरचे मागच्या पाच वर्षांतले विजेते, वगैरे. हे सगळं वर्षभर घासून कमवावं लागतं. एका सोमवारी तुमचा पटर तापला म्हणून तुम्ही वर्षभर खेळणाऱ्यापेक्षा भारी होत नाही.

बंकरातला_बंड्या
अहो पण मायकेल कॅम्पबेल? २००५ ला इंग्लंडमध्ये क्वालिफायिंग खेळून आला आणि पाइनहर्स्टला टायगर वूड्सला दोन स्ट्रोकने मागे टाकून यूएस ओपन घेऊन गेला. २००९ चा लुकास ग्लोव्हरही क्वालिफाय होऊनच आलेला. तुमच्या रँकिंगच्या चाळणीतून हे दोघं खालीच पडले असते.

मीनलताई_कोथरूड
बंड्या, पीजीएला पत्रिकेच्या लग्नात बसवू नकोस रे. तिथे १५६ पैकी २० जागा क्लब प्रोंना असतात, म्हणजे जे दिवसभर मेंबरांना शिकवतात त्यांना, आणि त्यासाठी ते आपसात वेगळी स्पर्धा खेळून येतात. २०२३ ला ओक हिलवर मायकेल ब्लॉक आठवतोय ना? ४६ वर्षांचा क्लब प्रो, रविवारी मॅकिलरॉयबरोबर खेळत होता. १५व्या होलवर बॉल टप्पा न घेता थेट होलमध्ये, आणि याला पत्ताच नाही! मॅकिलरॉय येऊन मिठी मारतोय तरी हा विचारतोय, आत गेला का. आमचे हे झोपलेले, मी एवढ्या जोरात ओरडले की खालच्या काकूंनी फोन केला. शेवटी संयुक्त १५वा आला आणि त्याच जोरावर पुढच्या वर्षीची एंट्री पण मिळाली.

मास्टर्सचे जुने विजेते आयुष्यभर येतात त्यावरही तू चिडशील, पण ते आपल्या मानाच्या गणपतींसारखं आहे. रांग कितीही मोठी असो, ते आधी जाणार.

बंकरातला_बंड्या
ताई ब्लॉकचा मुद्दा मान्य, पीजीए मागे घेतो. पण मानाच्या गणपतींमुळे लक्ष्मी रोड किती वेळ तुंबतो ते तुम्हीच सांगा :)

मीनलताई_कोथरूड
मास्टर्सचा जुना विजेता बर्नहार्ड लँगर २०२५ ला ६७ व्या वर्षी खेळला आणि कट फक्त एका स्ट्रोकने हुकला. याला तुंबवणं म्हणतात?

रफमधे_हरवलेला
दार सगळ्यांना उघडं ठेवलं की काय होतं ते पण ऐका. १९७६, द ओपनचं क्वालिफायिंग, फॉर्मबी. मॉरिस फ्लिटक्रॉफ्ट नावाच्या क्रेन ऑपरेटरने हँडीकॅप दाखवावा लागू नये म्हणून फॉर्मवर सरळ प्रोफेशनल लिहिलं आणि १२१ मारले. पार्टनर बिचारे. (मला स्वतःला तो माणूस प्रचंड आवडतो हे वेगळं, आपला हँडीकॅप १८ आहे.)

लिव्हप्रेमी_नाही_पण
रँकिंगवाल्यांना एकच प्रश्न. लिव्हला (सौदी पैशावरची वेगळी टूर) वर्ल्ड रँकिंगचे पॉइंट द्यायचा अर्ज २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये फेटाळला, आणि त्याच वर्षी पीजीए कोण जिंकलं? तेव्हा लिव्हवर खेळणारा कोएप्का. म्हणजे मेजर जिंकणारा माणूस ज्या टूरवर खेळत होता ती तेव्हा रँकिंगच्या लेखी अस्तित्वातच नव्हती. लिव्हचाच नीमान बिचारा ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून आला तेव्हा कुठे मास्टर्सने त्याला २०२४ साठी स्पेशल आमंत्रण दिलं.

तिसरा_पट
बिचारा?? पोतंभर पैसे घेतले तेव्हा पॉइंट नाहीत हे माहीत नव्हतं का? शिवाय २०२५ पासून यूएस ओपन आणि द ओपनने लिव्हच्या क्रमवारीतून एंट्री सुरू केली आहेच की.

देशी_स्विंग
आपल्याकडचं पण बघा जरा. २०२६ पासून मास्टर्सने सहा नॅशनल ओपनच्या विजेत्यांना थेट एंट्री दिली: स्कॉटलंड, स्पेन, जपान, हाँगकाँग, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका. इंडियन ओपन नाही. पण म्हणून आमंत्रणाला शिव्या घालायला माझी जीभ रेटत नाही, कारण शुभंकर शर्मा २०१८ ला पहिल्या ५० मध्ये नव्हता, स्पेशल आमंत्रणावरच गेला. तेव्हा आपण सगळे नाचलो होतो. बंड्या, तुम्ही पण नाचला असाल.

बंकरातला_बंड्या
नाचलो होतो. पेढे पण वाटले होते, खोटं कशाला बोलू. पण मला अर्जुन अटवालची गोष्ट जास्त प्यारी. २०१० ची विंडम (अमेरिकेतली पीजीए टूरची स्पर्धा), सोमवारी क्वालिफाय, रविवारी विजेता, आणि त्यावरून २०११ ची मास्टर्स. कोणाची मेहेरबानी नाही.

तिसरा_पट
म्हणजे क्वालिफायरवाला माणूस मास्टर्सला पोचला ना? मग पहिल्या पोस्टमध्ये रडत काय होतात? निकषातच बसला की तो.

बंकरातला_बंड्या
च्यायला. हे ग्रुपवर कोणी बोललं नव्हतं. तरी सहा देशांच्या यादीत आपण का नाही हा प्रश्न उरतोच, आणि जूनमध्ये फायनल क्वालिफायिंगच्या रात्री मी स्कोर रिफ्रेश करत जागणार ते जागणारच. मंगळवारी सुट्टी टाकलीये.

मीनलताई_कोथरूड
मी पण जागी असेन. पण यावेळी ओरडणार नाही.