नुसतं खोलीकरण करून पाणी टिकत नाही
वरच्या पोस्टमध्ये बंधाऱ्याचा फोटो टाकून म्हटलंय की नाला खोल केला, बंधारा बांधला की गावचा टँकर बंद. थोडं पटतं, पण पाणी अडवायची सुरुवात वरून व्हायला पाहिजे, डोंगरावरून, खाली नाल्यात जेसीबी लावून नाही. डोंगर उघडा बोडका असेल तर पहिल्याच जोरदार पावसात सगळी माती बंधाऱ्यात येऊन बसते, मग दोन-तीन वर्षांत गाळ काढा परत.

हिवरे बाजारचं बघा ना, पाऊस जेमतेम ४०० मिमीच्या आसपास, नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातला दुष्काळी पट्टा. तिथे १९९० नंतर सरपंच पोपटराव पवारांच्या काळात सलग समतल चर (डोंगरउतारावर एकाच उंचीच्या रेषेत खोदलेले लांब चर, पाणी जिरवायला) खोदले हे सगळे सांगतात, पण चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, शेतीला बोअर नाही, ऊस-केळी नाही हे विसरतात, आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून मग रब्बीत काय पेरायचं ते ठरवतात. खरी मेख तिथेच आहे.

आपल्याकडे उलटं, शेततळ्यात प्लास्टिक अंथरायचं, ते बोअरच्या पाण्याने भरायचं, वरून उन्हात उडून जातं ते वेगळंच (याला जलसंधारण म्हणायचं म्हणजे कमालच).

अजून एक, पाण्याच्या क्वालिटीचं कोणी बोललंच नाही. बोअर खोल नेलं की काही भागात फ्लोराइड लागतं, यवतमाळ-चंद्रपूरकडे हा त्रास जुनाच आहे, दात पिवळे, हाडं दुखतात. उथळ विहिरीत युरियाचं नायट्रेट झिरपतं ते वेगळं. तेव्हा बंधाऱ्याचा फोटो टाकलात तसा डोंगराचा पण टाका बरं.