अलास्का क्रूझ : कमी गर्दीच्या जहाजासाठी तिप्पट पैसे मोजावेत का?

गंगापूररोड

नमस्कार मंडळी,

मुलगा सिअ‍ॅटलला असतो. पुढच्या वर्षी आम्ही दोघं आणि सासूबाई तिकडे जाणार आहोत. सासूबाईंचं वय ७८, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, काठी घेऊन चालतात पण हिंडायची हौस माझ्यापेक्षा जास्त. मुलगा, सून, सहा वर्षांचा नातू धरून सहा जणांनी अलास्काची क्रूझ करायची असं घाटतंय.

दोन पर्याय समोर आहेत. एक, सिअ‍ॅटलहून निघून सिअ‍ॅटललाच परत, सात रात्री, चार हजार माणसांचं जहाज. जुलैत बाल्कनीवाल्या केबिनचे माणशी १,५०० डॉलरच्या आसपास. दुसरं साडेसातशे माणसांचं, व्हँकुव्हरहून निघून अलास्कातल्या सुअर्डला सोडणारं, माणशी ५,२००. फरक गुणिले सहा करून रुपयांत काय होतं ते इथे लिहीत नाही, कारण ते ऐकून ह्यांनी चहा अर्धा टाकला.

तरीही विचारतेय, त्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत सिंगापूरहून तीन रात्रींची क्रूझ केली होती. कुठली ते नको. लिफ्ट यायची, दार उघडायचं, आतली गच्च माणसं आमच्याकडे बघायची, आम्ही त्यांच्याकडे, दार बंद. सातव्या लिफ्टमध्ये शिरायला मिळालं. नाश्त्याला ताटली हातात घेऊन सासूबाई टेबल शोधत फिरल्या आणि शेवटी म्हणाल्या, "अगं, लग्नातसुद्धा म्हाताऱ्यांना आधी बसवतात."

तेव्हा जाणकारांनी सांगावं. कमी गर्दीसाठी एवढे पैसे घालणं योग्य आहे का, की हौसेला मोल नाही म्हणत आपण फसतोय?

उगाचच

पैसे असतील तर घ्या, नसतील तर महाबळेश्वर. (रागावू नका. मीही याच विचारात आहे, धाग्यावर लक्ष ठेवून बसतो.)

देवगडकर

ताई, २२ वर्षं शिपवर काढली. आधी केबिन स्टुअर्ड, शेवटची आठ वर्षं जेवणघरात हेड वेटर. पाच हजार माणसांच्या बोटी केल्या आणि सहाशेवाल्या भारीतल्या बोटीवरही दोन काँट्रॅक्टं केली. अलास्काचे सात सीझन झाले. आता गावी कलमं बघतो, त्यामुळे कुणाची जाहिरात करायचं कारण नाही.

आधी एक गैरसमज काढून टाका. छोटी बोट म्हणजे मोकळी बोट, असं बिलकुल नाही. बोटीचं ग्रॉस टनेज सगळीकडे दिलेलं असतं. ते वजन नव्हे, आतल्या बंदिस्त जागेचं माप आहे. त्याला केबिनमागे दोन माणसं धरून येणाऱ्या प्रवासीसंख्येने भागायचं. येईल तो आकडा म्हणजे एका माणसाच्या वाट्याला आलेली जागा. आता बघा. 'नॉर्वेजियन ब्लिस' ही अलास्काची मोठी बोट, सुमारे १,६८,००० टनेज, माणसं ४,००० : उत्तर ४२. 'झांडाम' ही जुनी, आटोपशीर बोट, ६१,४०० टनेज, १,४३२ माणसं : उत्तर ४३. म्हणजे एक दुसरीच्या जवळजवळ तिप्पट माणसं नेते, पण अंगाला अंग लागायचं प्रमाण तेवढंच! मधल्या आकाराच्या बोटीला 'कमी गर्दी' म्हणून कुणी जास्त पैसे सांगत असेल तर आधी हा भागाकार करा.

तुमची साडेसातशेवाली मात्र वेगळ्या जातीची दिसते. 'सेव्हन सीज एक्सप्लोरर'सारख्या बोटीत हाच आकडा ७० च्या वर जातो. तिथे खरोखरच मोकळं असतं. एक अमेरिकन आजीबाई आमच्या बोटीवर दरवर्षी यायच्या. त्यांची खुर्ची कुणी घेत नसे, कारण घ्यायला माणूसच नसे. तिसऱ्या दिवशी त्यांना दूध कोमट लागतं की गरम हे मला ठाऊक असायचं. चार हजारांच्या बोटीवर कितीही मनात आणलं तरी मला ते जमलं नसतं. जास्तीचा पैसा याच्यासाठी जातो आणि ते खोटं नाही.

पण तुमच्या तिकिटात दारू, महागडी वाइन, दुपारचं शॅम्पेन सगळं धरलेलं असणार. घरात घेणारं कुणी आहे का? नसेल तर शेजारच्या टेबलावरच्या माणसाची तुम्ही भरताय.

आता गर्दीबद्दल. मोठ्या बोटीवर ती ठराविक जागी आणि ठराविक वेळीच होते. समुद्रातल्या दिवशी सकाळी साडेआठ ते दहा बुफे, बंदर आल्यावर पहिला तासभर लिफ्ट आणि गँगवे (बोटीतून उतरायची वाट), रात्री शो सुटल्यावर पुन्हा लिफ्ट. बाकीच्या वेळी त्याच बोटीत रिकामे कोपरे शोधायला लागत नाहीत. सासूबाईंना बुफेला नेताच कशाला? मोठ्या जेवणघरात सकाळी बसून नाश्ता मिळतो, वेटर आणून देतो, वेगळे पैसे नाहीत. निम्म्या लोकांना हे माहीतच नसतं. माझी अर्धी टेबलं रिकामी असायची आणि वर बुफेत लोक ताटल्या घेऊन फिरत असायचे. पहिल्याच संध्याकाळी हेड वेटरला गाठून शाकाहारी आहोत म्हणून सांगा. मी रोज रात्री उद्याचं भारतीय जेवण विचारून लिहून घ्यायचो. वरण-भात-भाजी, सांगितलं तर कांदा-लसणाशिवायसुद्धा.

केबिन बोटीच्या मधोमध घ्या, लिफ्टपासून चार-पाच दारं सोडून. अगदी समोरची नको, रात्रभर आवाज येतो. बंदरावर उतरायची घाई करू नका. पहिला लोंढा जाऊ दे, चहा प्या, मग निघा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तारीख. तुम्ही जुलै म्हणताय. तेव्हा अमेरिकेत शाळांना सुट्टी, केबिनमधले वरचे बंक मुलांनी भरलेले. 'ओव्हेशन ऑफ द सीज' घ्या. केबिनमागे दोन धरले तर ४,१८०, सगळे बंक भरले तर ४,९०५. तीच बोट, सातशे माणसं जास्त, आणि ती सातशेही धावणारी! मे महिन्यात किंवा सप्टेंबरात गेलात तर तिकीटही उतरतं आणि ही सातशेही नसतात.

गंगापूररोड

देवगडकर, साष्टांग नमस्कार. भागाकार आमच्या ह्यांनी लगेच करून पाहिला, सिंगापूरच्या बोटीचा सुद्धा. आकडा वाईट नव्हता! म्हणजे आमचंच चुकलं, मे महिन्याची सुट्टी निवडली.

घरात घेणारं कुणी नाही. मुलगा कधीतरी बिअर घेतो असा आम्हाला संशय आहे, पण बिअरसाठी २२,००० डॉलर जास्तच झाले.

एक शंका. उतरल्यावर काय? छोट्या जहाजाची माणसं कमी, म्हणजे गावात तरी निवांत फिरता येईल ना?

देवगडकर

तिथेच तर मेख आहे. अलास्कातल्या बंदरांत तुम्ही एकट्या थोड्याच उतरता. जूनोला २०२४ पासून दिवसाला पाच मोठ्या बोटींची मर्यादा घातली आहे. नीट वाचा, मर्यादा पाच! त्याआधी सहा-सात लागलेल्या मी बघितल्या आहेत. स्कॅगवे तर हजार-अकराशे वस्तीचं गाव, सोन्याच्या शोधात लोक धावले त्या काळात वसलेलं. तिथे भर सीझनला एका दिवसात दहा हजार माणूस उतरतो. तुम्ही ५,२०० मोजलेत म्हणून रस्ता कुणी मोकळा करत नाही. रेल्वेचा डबा तोच, व्हेल दाखवणारी लाँच तीच.

कुठल्या दिवशी कुठल्या बंदरात किती बोटी, याची वेळापत्रकं आधीच जाहीर होतात. दोन-तीन तारखा निवडून ती ताडून बघा. एका दिवसाच्या फरकाने पाचाच्या दोन होतात.

ग्लेशियर बे असलेला मार्गच घ्या. नॅशनल पार्क आहे, दिवसाला दोनच क्रूझ बोटी आत सोडतात. पार्कचे रेंजर बोटीवर चढतात आणि माइकवरून माहिती सांगतात. हिमनदीसमोर बोट जागच्या जागी सावकाश फिरवतात, त्यामुळे दोन्ही बाजूंना दिसतं. सगळी बोट पुढच्या डेकवर धावते तेव्हा सासूबाईंनी शाल पांघरून आपल्या बाल्कनीत बसावं. आधी बर्फाचा कडा पाण्यात पडलेला दिसतो, आवाज मागून येतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं खाली किचनमध्ये काहीतरी पडलं.

कमी माणसांच्या बोटीला डोळे झाकून पैसे द्यावेत अशा जागा आहेत. अंटार्क्टिकात एका वेळी शंभरच प्रवासी किनाऱ्यावर सोडतात आणि पाचशेच्या वर प्रवासी असलेली बोट कुणाला उतरवतच नाही, लांबून बर्फ दाखवून परत आणते. गॅलापागोसला तर बोटीवरच शंभराच्या वर माणसं चालत नाहीत. तिथे चारपट मागितले तरी हरकत नाही. अलास्का त्यातली नव्हे.

रेनियरच्या_सावलीत

सिअ‍ॅटलला १४ वर्षं आहे, आईबाबांना घेऊन दोनदा ही क्रूझ केली. देवगडकरांना बहुतेक सगळीकडे +१, थोडी भर.

व्हँकुव्हर ते सुअर्ड एकतर्फी आहे हे विसरू नका. सुअर्डहून अँकरेज सुमारे २०० किमी, रेल्वे किंवा बस, तिथून विमान. रेल्वेचा रस्ता अप्रतिम आहे, पण ७८ वर्षांच्या आजी, सहा वर्षांचा मुलगा आणि सहा जणांच्या बॅगा... तुम्हीच ठरवा. सिअ‍ॅटलहून निघालात तर घरून टॅक्सीने धक्क्यावर.

कॅनडाचा व्हिसा मात्र दोन्हीकडे काढायचाच. सिअ‍ॅटलची जहाजं परतीच्या वाटेवर संध्याकाळी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात, ती हौस म्हणून नाही. १८८६ चा अमेरिकन कायदा आहे. परदेशी झेंड्याचं जहाज अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परत येणार असेल तर मध्ये एक परदेशी बंदर घ्यावंच लागतं. आमच्या ओळखीत एका कुटुंबाने अमेरिकेचा व्हिसा आहे म्हणून कॅनडाचा काढलाच नाही. क्रूझ गेली, पैसेही गेले.

छोट्या जहाजाच्या बाजूने एक मुद्दा प्रामाणिकपणे सांगते. व्हँकुव्हरवरून जाणारी जहाजं बेटांच्या आडोशाने आतून जातात, पाणी शांत. सिअ‍ॅटलची बहुतेक व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या समुद्रातून. बाबांना पहिली रात्र जड गेली. गोळ्या जवळ ठेवा.

मे की सप्टेंबर, तर मे. सप्टेंबरात तिकडे पावसाची झड लागते. आपल्याला पाऊस नवा नाही, पण आठ अंशातला पाऊस वेगळा. मे त्या मानाने कोरडा, डोंगरांवर बर्फ शिल्लक, व्हेल आलेले असतात. सामन मासे मात्र नदीत उलटे चढताना दिसणार नाहीत. शाळा जूनच्या मध्यापर्यंत असते, नातवाचा आठवडा बुडेल. पहिलीचा आठवडा बुडाल्याने कुणाचं नुकसान झाल्याचं ऐकलं नाही.

आणि हो, काही मोठ्या जहाजांत 'द हेवन'सारखा वेगळा भाग असतो, किल्ली लावल्याशिवाय आत जाता येत नाही, वेगळं जेवणघर, वेगळा पोहायचा तलाव. आम्ही चौकशी केली होती. आईने विचारलं, "मग आपण इतर लोकांना बघायचं कधी?" विषय संपला.

भाऊचाधक्का

विषयांतर होतंय, क्षमस्व. आम्ही लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोटीने मालवणला जायचो. बोट लागली रे लागली की थोरला भाऊ उडी मारून आत, डेकवर चादर अंथरून मोकळा. चादर जेवढी तेवढी आमची जमीन. मागच्या वर्षी मुलीने भूमध्य समुद्रात क्रूझवर नेलं. सकाळी सहाला फिरायला बाहेर पडलो तर तलावाकाठच्या तमाम खुर्च्यांवर टॉवेल, माणूस एकही नाही. मी हिला म्हटलं, बघ, गोऱ्यांचीही कोकण बोटच निघाली.

देवगडकर

@भाऊचाधक्का, अगदी अगदी! आमच्या देवगडला बोट बाहेर उभी राहायची आणि माणसं पडावातून जायची. शिपवर पहिल्यांदा टेंडर बघितला तेव्हा बाजूच्या फिलिपिनो पोराला म्हटलं, यात काय नवीन, हा तर पडाव.

ताई, यावरून आठवलं, सासूबाईंसाठी हेही बघून घ्या. वेळापत्रकात बंदरापुढे 'टेंडर' लिहिलेलं असेल तर बोट धक्क्याला लागत नाही, लहान बोटीत उतरावं लागतं. पाणी हलत असेल तर काठीवाल्यांचे हाल होतात. जूनो, स्कॅगवे, केचिकन इथे बहुधा धक्का मिळतो. तरी तुमच्या फेरीचं तपासा.

गंगापूररोड

सगळ्यांचे आभार. काल रात्री मुलाशी बोलणं झालं. मेचा दुसरा आठवडा, सिअ‍ॅटलहून, मोठं जहाज, ग्लेशियर बे असलेला मार्ग. मधोमधच्या तीन केबिन, शेजारी शेजारी. माणशी १,१०० ला मिळताहेत, वर रोजची माणशी १८-२० डॉलर टिप. वाचलेल्यातून स्कॅगवेची रेल्वे आणि जूनोला व्हेल. ह्यांनी आज चहा पूर्ण घेतला.

सासूबाईंचा एकच प्रश्न राहिलाय. तिकडे मे महिन्यात दिवेलागण किती वाजता करायची आणि निरांजन नेलेलं चालेल का?

देवगडकर

सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे जेवण आधी, शुभंकरोति नंतर. निरांजन, उदबत्ती, कापूर काहीच नेऊ नका, बोटीवर आगीला फार घाबरतात, बॅगेतूनच काढून घेतील. सेलवरचा दिवा मिळतो बाजारात, तो न्या. आमच्या केबिनमध्ये गणपतीसमोर नऊ महिने तोच असायचा.