इंजिन वापरून वेगळी ओपनिंग कशी तपासायची? (ग्रुनफेल्ड-किंग्ज इंडियनसमोर ३.एच४)

अडीचघर, इंदूर

नमस्कार मंडळी. १.डी४ घो-एफ६ २.सी४ जी६ नंतर ३.एच४ ही बुद्धिबळातली चाल इंदूरच्या रॅपिड (जलद) स्पर्धांसाठी तयार करायची आहे. काळ्याचे ग्रुनफेल्ड आणि किंग्ज इंडियन हे दोन्ही बचाव २...जी६ ने सुरू होतात. (घो घोडा, उं उंट, ह हत्ती, व वजीर, रा राजा असं लिहितोय. नुसतं घराचं नाव म्हणजे प्याद्याची चाल, × म्हणजे मारणं, + म्हणजे शह, आकड्यापुढे ... म्हणजे काळ्याची चाल.) समोर साधारण १५०० ते १७०० फिडे रेटिंगचे खेळाडू, वेळ १५ मिनिटं अधिक दर चालीला १० सेकंद. लॅपटॉप चार कोअरचा, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. स्टॉकफिश हे इंजिन (चाली मोजणारा प्रोग्राम) आहे.

तीन अडचणी आहेत. त्याच पोझिशनला इंजिन एकदा +०.३ दाखवतं, एकदा +०.१ (अधिक म्हणजे पांढरा वरचढ, उणे म्हणजे काळा). कुठला आकडा धरायचा? दुसरं, इंजिन आपणहून अशा चाली वर आणतच नाही. नेहमीच्या तीन-चार चालींतच फिरतं. आणि तिसरं म्हणजे एखादी कल्पना सोडून द्यायची ती नेमकी कशावरून ठरवायची? फक्त आकडा उणे झाला म्हणून?

लष्कर_६४, ग्वाल्हेर

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर सेटिंगमध्ये आहे, म्हणून आधी तेच.

थ्रेड्स (एकाच वेळी चालणारी मोजणीची कामं) ४ ठेवा, ८ नको. चार कोअरवर आठ थ्रेड लावले तर मशीन तापतं आणि फायदा फारसा होत नाही. हॅश (मोजलेल्या पोझिशन्स साठवायची जागा) २०४८ एमबी पुरे, म्हणजे ८ जीबीत विंडोज आणि ब्राउझरला जागा राहते. मल्टीपीव्ही (एकाच वेळी किती चाली दाखवायच्या) ४. अशा लॅपटॉपवर वेग सेकंदाला साधारण २० ते ४० लाख नोड्स (तपासलेल्या पोझिशन्स) मिळतो. आता महत्त्वाचं: डेप्थवर (किती चाली पुढपर्यंत बघितलं त्यावर) थांबू नका, नोड्सवर थांबा. मल्टीपीव्ही १ असताना डेप्थ ३० आणि ४ असताना डेप्थ ३० हे एकसारखं काम नसतं. पहिल्या चाळणीला ५ कोटी नोड्स बास, म्हणजे पंधरा-पंचवीस सेकंद. जिथे खरोखर निर्णय घ्यायचा आहे तिथे १०० कोटी. त्याला चार ते आठ मिनिटं लागतात.

आकडा हलतो कारण एकाहून जास्त थ्रेड्स चालू असले की कोणता थ्रेड कुठली फांदी आधी बघेल याचा क्रम दर वेळी बदलतो. दोन चालींची नेमकी तुलना करायची असेल तर थ्रेड १, हॅश साफ, नोड्स ठरलेले. मग तोच आकडा परत येतो. पण +०.१ आणि +०.३ यांत पटावर काही फरक नाही. स्टॉकफिश १५.१ पासून (डिसेंबर २०२२) आकड्याचं माप असं बसवलंय की +१.०० म्हणजे इंजिन विरुद्ध इंजिन जिंकण्याची शक्यता ५० टक्के. ०.२ च्या फरकावरून ओपनिंग निवडणं म्हणजे सोनाराच्या काट्यावर बटाटे तोलणं.

इंजिन वेगळ्या चाली का आणत नाही? शोधाच्या क्रमात मागे पडलेल्या चाली ते कमी खोलीपर्यंत बघतं. "ही पहिलीपेक्षा वाईट" एवढं सिद्ध झालं की नेमकी किती वाईट हे मोजायला थांबत नाही. म्हणून मल्टीपीव्ही १ वर ३.एच४ तुम्हाला दिसणारच नाही. चाल स्वतः पटावर करा आणि तिथून पुढे शोध चालू करा. काळ्याच्या मुख्य उत्तरात चार-पाच चाली पुढे जा, तिथे थोडा वेळ चालू द्या, मग एकेक चाल मागे या. हॅशमध्ये पुढचं ज्ञान साठलेलं असतं, त्यामुळे मागे येताना आकडा सुधारतो. हे पुढे-मागे करणं एका जागी अर्धा तास इंजिन तापवत ठेवण्यापेक्षा फार जास्त देतं.

तापण्याचं निघालंच आहे तर: मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ वर असतो, इंदूरलाही चाळिशी ओलांडते. लॅपटॉप गरम झाला की प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. नोड्सचा वेग ३५ लाखांवरून २० लाखांवर आला की समजायचं. मागची बाजू दोन पुस्तकांवर उचलून ठेवा, गादीवर तर मुळीच नको. लांबलचक विश्लेषण पहाटे लावा, पोहे-जिलबी खाऊन येईपर्यंत दोन-तीन पोझिशन्स होतात.

मांडवीचा_हत्ती, बडोदे

लष्कर यांनी यंत्राची बाजू पक्की सांगितली. मी तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण खरा मुद्दा तोच आहे.

दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजायच्या: समोरच्याने सगळं बरोबर खेळलं तर ही कल्पना आपल्याला किती महागात पडते, आणि ते "बरोबर" शोधणं समोरच्याला किती अवघड आहे. स्टॉकफिश पहिली गोष्ट उत्तम सांगतं, दुसरीबद्दल मुकं असतं.

उदाहरण घ्या स्टॅफर्ड गॅम्बिटचं (गॅम्बिट म्हणजे डावाच्या फायद्यासाठी प्यादं देणं). १.ई४ ई५ २.घो-एफ३ घो-एफ६ ३.घो×ई५ घो-सी६ ४.घो×सी६ डी×सी६. आता ५.डी३ उं-सी५ ६.उं-जी५ खेळला तर ६...घो×ई४! ७.उं×डी८ उं×एफ२+ ८.रा-ई२ उं-जी४ मात. दिसायला भन्नाट. पण सहाव्या चालीला पांढऱ्याने नुसता उं-ई२ खेळला, तर काळ्याकडे एक प्यादं कमी आणि हातात फारसं काही नाही. इंजिन पांढऱ्याला जवळपास दोनची आघाडी देतं. म्हणून माझी कसोटी अशी: सापळा चुकल्यावर आपल्या मोहऱ्यांना पुढे काम उरतं का? उरत असेल तर ती कल्पना, नाहीतर नुसता सापळा. ब्लिट्झमध्ये (काही मिनिटांच्या खेळात) सापळाही चालतो, १५ अधिक १० मध्ये समोरचा दोन मिनिटं विचार करतो आणि आपण प्यादं गमावून बसतो.

दुसरी गोष्ट मोजायची तर असं करा. आपल्या चालीनंतर मल्टीपीव्ही ५ लावून बघा की काळ्याच्या किती चाली सर्वोत्तम चालीपासून ०.५ च्या आत आहेत. चार-पाच असतील तर समोरच्याला काहीही खेळून चालतं. एकच असेल तर पोझिशन अरुंद आहे. मग लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर, ओपनिंग एक्सप्लोररमध्ये (कोणती चाल किती जण खेळले ते तिथे दिसतं) मास्टर्स सोडून लिचेसचा डेटाबेस निवडा, रॅपिड ठेवा, रेटिंगचे गाळे १६०० आणि १८०० लावा. (तिथलं रेटिंग फिडेपेक्षा सहसा वर असतं, म्हणून तुमच्या प्रतिस्पर्ध्यांसाठी २००० चा गाळाही घ्या.) ती एकच बरोबर चाल किती टक्के लोक खेळतात ते दिसेल. ७० टक्के लोक सहज खेळत असतील तर अरुंदपणाचा उपयोग नाही, कारण ती चाल स्वाभाविक आहे. १५ टक्के असतील तर हाती काहीतरी लागलं. फक्त खेळांची संख्या बघा. चाळीस खेळांवरच्या टक्केवारीला अर्थ नसतो.

एक्सप्लोररमध्ये खेळ संपले की माइया वापरा. २०२० मध्ये आलेली ही नेटवर्क्स माणसांच्या लिचेसवरच्या खेळांवर शिकवलेली आहेत, रेटिंग ११०० पासून १९०० पर्यंत शंभराच्या टप्प्याने नऊ. ती लीला इंजिनमध्ये वजनाची फाइल म्हणून बसवायची आणि नोड्स १ ठेवायचे. इथेच बहुतेकजण चुकतात: नोड्स वाढवले की शोध सुरू होतो आणि माणसासारखं खेळणं संपतं. नोड्स १ असल्यामुळे ग्राफिक्स कार्डही लागत नाही. निबलर या प्रोग्राममध्ये उघडलं की प्रत्येक चालीपुढे तिची शक्यता दिसते. १७०० चा खेळाडू ती बचावाची चाल खेळण्याची शक्यता १० टक्के आहे की ६०, हे कळतं.

स्टॉकफिशचं एलो (ताकदीचं रेटिंग) कमी करून सराव करू नका. यूसीआय एलो १३२० ते ३१९० मध्ये लावता येतं खरं, पण ते दुबळं होतं ते चांगल्या चालींमधून मुद्दाम हलकी चाल उचलून. दहा चाली ग्रँडमास्टरसारख्या आणि अकराव्या चालीला उगाच वजीर देणं, असं माणूस चुकत नाही.

शेवटचं_प्यादं, इंदूर

छोटी भर. बरेच जण स्टॉकफिशमध्ये विजय-बरोबरी-पराभवाचे आकडे चालू करून "पोझिशन किती धारदार" ते ठरवतात. तसं होत नाही. स्टॉकफिश ते आकडे मूल्यमापन आणि पटावरचं साहित्य यांवरून गणिताने काढतं, त्यामुळे दोन ०.०० पोझिशन्स, एक मेलेली आणि एक पेटलेली, जवळपास सारख्याच दिसतात. लीलाचे आकडे खेळांच्या निकालांवरून शिकलेले असतात, तिथे हा फरक दिसतो. कार्ड नसलं तरी प्रोसेसरवर लहान नेटवर्क लावून काही हजार नोड्स मिळतात, तेवढ्याने या कामापुरतं भागतं.

जुन्या व्हिडिओंमध्ये स्टॉकफिशचं कंटेम्प्ट (बरोबरी टाळायचा कल) वाढवायला सांगतात. आताच्या आवृत्त्यांत तो पर्याय काढून टाकला आहे, शोधत बसू नका.

अडीचघर, इंदूर

मनापासून आभार, सगळ्यांचे. काल-आज एवढं केलं: ३.एच४ नंतर मल्टीपीव्ही ५ ने बघितलं तर काळ्याच्या बऱ्याच चाली जवळजवळ सारख्या निघतात. म्हणजे हत्ती यांच्या कसोटीवर पोझिशन अरुंद नाही. मग सोडू का? आणि ३...एच५ खेळून कोणी प्यादं तिथेच अडवलं तर एच४ फुकट गेली ना?

मांडवीचा_हत्ती, बडोदे

सोडू नका. तिसऱ्या चालीला अरुंद असायची गरजच नाही, महागात पडत नाही एवढं पुरे आहे. अरुंदपणा दोन-तीन चाली पुढे, समोरच्याच्या सवयीच्या चालीनंतर शोधायचा. ग्रुनफेल्डवाला हात सवयीने ३...उं-जी७ ४.घो-सी३ डी५ खेळतो. आता ५.एच५. घोड्याने मारलं, ५...घो×एच५, की ६.सी×डी५. प्याद्यांचा हिशेब बघा: आपलं एच गेलं, त्याचं डी आलं, बरोबरी. पण ग्रुनफेल्डचा सगळा डाव डी५ वर घोड्याने परत मारण्यावर उभा असतो आणि तो घोडा आता पटाच्या कडेला बसलाय. आपल्याला ई४ ची घाई आहे, त्यालाही सी किंवा ई प्यादं लगेच सरकवून मध्य फोडावा लागतो. उलट बाजूही आहे: एफ६ रिकामं झाल्यामुळे त्याचा जी७चा उंट थेट डी४ वर बघतो, तेव्हा डी४ सुटं पडणार नाही याची काळजी आधी. ही पोझिशन उघडून तुमची मोजणी परत करा. इथल्या काळ्याच्या प्रत्येक उत्तरासाठी १०० कोटी नोड्स द्या.

आणि हेच एच५ चौथ्या चालीला, घो-सी३ न करता, डी५ आलेलं नसताना केलं तर? मारायला डी५ वर काहीच नाही, प्यादं नुसतं गेलं. चालींचा क्रम पाठ करण्यापेक्षा हा फरक डोक्यात ठेवा.

लष्कर_६४, ग्वाल्हेर

३...एच५ बद्दल. एच४ फुकट जात नाही. काळ्याचं एच प्यादं पुढे गेल्यामुळे जी५ हे घर आता एच६ ने कधीच हुसकता येत नाही. एफ६ ने हुसकायचं तर जी६ सैल पडतं. म्हणजे आपला उंट किंवा घोडा जी५ वर मुक्कामाला बसतो. हे तुम्हाला पटायचं असेल तर लिचेसच्या विश्लेषण पटावर एक्स दाबा. समोरच्याची पाळी वगळून आपली धमकी काय आहे ते इंजिन बाणाने दाखवतं. वेगळ्या ओपनिंगची कल्पना कळायला आकड्यापेक्षा तो बाण जास्त बोलतो. पण तोच नियम आपल्यालाही लागू आहे: आपलं एच४ वर गेलंय, म्हणून जी४ वर त्याचा घोडा आला तर त्याला फक्त एफ३ ने हाकलता येतं आणि मग जी३ उघडं पडतं. त्या ओळीत लहान कॅसलिंग (राजाला एच बाजूला सुरक्षित नेणं) करायचं का, हे आधीच ठरवा.

आराखडे शिकायला क्यूट चेस या इंजिनांना एकमेकांशी खेळवणाऱ्या प्रोग्राममध्ये स्टॉकफिशला स्वतःविरुद्ध खेळवा, १० सेकंद अधिक ०.१, तीसेक खेळ. एकाच पोझिशनवरून सुरू केलं तर तोच खेळ परत परत येऊ शकतो, म्हणून काळ्याच्या पाच-सहा वेगवेगळ्या उत्तरांनंतरच्या पोझिशन्स द्या. निकाल मोजू नका, बहुतेक बरोबरीच असतील. पंचविसाव्या चालीला प्रत्येक खेळ थांबवून तीनच गोष्टी टिपा: एच१चा हत्ती कुठे आहे, पांढऱ्याचा राजा कुठे गेला, आणि एच५ कितव्या चालीला झालं.

शेवटचं_प्यादं, इंदूर

अडीचघर दादा, तयारीचा जास्त वेळ ३...सी५ वर घाला. बाजूने कोणी चढाई केली की मध्यात उत्तर द्यायचं हे सगळ्यांना शिकवलेलं असतं, त्यामुळे जाणता खेळाडू तेच करेल. ४.डी५ बी५ ५.सी×बी५ ए६ असं बेन्को गॅम्बिटसारखं (काळा वजिराच्या बाजूला प्यादं देऊन खेळतो तसं) झालं की सगळा खेळ वजिराच्या बाजूला सरकतो आणि एच४ वर घातलेली एक चाल कामी येते की नाही हा खरा प्रश्न उरतो. याची फाइल वेगळी ठेवा. लिचेसच्या एका स्टडीत (विश्लेषणाच्या वहीत) ६४ प्रकरणं बसतात, त्यातली दहा तरी सी५ ला द्या आणि प्रत्येकात निदान पंधराव्या चालीपर्यंत जा. माइयाला विचारून बघा की पाचव्या चालीला ए६ कितीजण खेळतात. बाकीचे जे खेळतील त्यावर तुमचे गुण ठरतील.