नेब्रास्का, १८७३: नायिकेचा क्लेम, नायकाचा क्लेम आणि मधलं लग्न

माळरान:
माझ्या कादंबरीचा काळ १८७२ ते १८७४. जागा प्लॅट नदीचं खोरं, युनियन पॅसिफिक रेल्वेपासून गाडीने अर्ध्या दिवसावर. नायिका मेथडिस्ट, म्हणजे एका प्रोटेस्टंट पंथातली. तिचा नवरा यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने तीन वर्षं लढला आणि नंतर आजारात गेला. ऑक्टोबर १८७२मध्ये तिने होमस्टेड कायद्याखाली (राहून कसणाऱ्याला सरकारी जमीन देणारा कायदा) स्वतःच्या नावाने जमीन धरली, म्हणजे तिच्यावर क्लेम केला. शेजारचा क्लेम नायकाचा, तोही माजी सैनिक (दोन वर्षं नोकरी). त्याचा अर्ज १८७२च्या वसंतातला. युद्धानंतर त्याने प्रार्थना सोडलेली आहे. आराखड्यात लग्न १८७३च्या ईस्टरला आणि शेवट १८७४च्या भरघोस सुगीवर.

अडचणी अशा. लग्न झालं की तिची जमीन जाते का? मातीचं घर दोघं मिळून बांधतात तो प्रसंग आहे, त्यात नेमकं काय काय करतात? पाळक दर रविवारी दाखवू का? आणि सगळ्यात मोठी अडचण: नायक एका प्रवचनाने बदलतो, ते वाचताना पटत नाही. संवादातल्या मराठीबद्दलही सांगा.

दप्तरदार:
जमिनीचा हिशोब आधी लावा, कथानक त्यातूनच सरळ होईल.

मूळ कायदा १८६२चा: १६० एकर, पाच वर्षं राहणं आणि कसणं. विधवा किंवा एकवीस वर्षांवरची अविवाहित स्त्री स्वतःच्या नावाने अर्ज करू शकत होती. नवऱ्याच्या घरात नांदणारी बाई करू शकत नव्हती. पण तुमची जागा रेल्वेच्या पट्ट्यात येते. रुळाच्या दोन्ही बाजूंना वीस मैलांपर्यंत एकाआड एक सेक्शन (चौरस मैलाचा तुकडा) रेल्वे कंपनीचे, आणि उरलेल्या सरकारी सेक्शनांत सामान्य माणसाला ८०च एकर मिळत. पूर्ण १६० मिळत ते माजी सैनिकांना. १८७२च्या कायद्याने सैनिकाच्या नोकरीची वर्षं पाच वर्षांतून वजाही होऊ लागली, निदान एक वर्ष प्रत्यक्ष राहण्याच्या अटीवर. हीच सवलत सैनिकाच्या विधवेला होती, पण तिने पुन्हा लग्न केलेलं नसेल तरच. म्हणून तिने अर्ज आधी केला हे अगदी बरोबर आहे.

आता तारखा पाहा. तिची पाच वजा तीन, म्हणजे दोन वर्षं: ऑक्टोबर १८७४. त्याची पाच वजा दोन, म्हणजे तीन: १८७५चा वसंत. अडचण लग्नाची नाही, वास्तव्याची आहे. नवरा-बायकोचं राहतं घर एकच धरलं जाई, त्यामुळे दोन अपुरे क्लेम एकाच वेळी टिकवता येत नसत. सहा महिन्यांहून जास्त जागा सोडली तर ती सोडून दिलीच असं समजत. ईस्टर १८७३ला लग्न लावलंत तर १६० एकर गेले.

पैसे भरून आधीच मालकी घेण्याची सोय होती, पण रेल्वेच्या पट्ट्यात एकरी अडीच डॉलर दर, म्हणजे १६० एकरांना ४०० डॉलर. सप्टेंबर १८७३मध्ये फिलाडेल्फियाची मोठी पेढी बुडाली आणि देशभर पैसा आटला. या दोघांकडे ४०० डॉलर येणार कुठून? काही जोडपी दोन क्लेमच्या बरोबर हद्दीवर एक घर बांधत आणि ज्याचा त्याचा पलंग ज्याच्या त्याच्या जमिनीवर ठेवत. लग्नाआधी तुमच्या नायिकेला हा मार्ग चालणार नाही, चर्चच्या मंडळीत तोंड दाखवता येणार नाही.

म्हणून लग्न नोव्हेंबर १८७४मध्ये न्या. तोवर तिची जमीन पक्की झालेली असेल. मग ती त्याच्या घरी राहायला जाऊ शकते आणि त्याचा क्लेम वसंतात पूर्ण होतो. तुमच्या प्रेमकथेला दीड वर्षाची खरी, कागदावरची आडकाठी मिळाली. गैरसमज आणि चोरलेली पत्रं यांची गरजच उरत नाही.

तिफण:
तारखांबद्दल आणखी दोन गोष्टी. १८७३चा ईस्टर १३ एप्रिलला होता. त्या दिवशी नेब्रास्कात पावसाचं बर्फ झालं आणि वादळ तीन दिवस चाललं. लोकांनी गुरं घरात घेतली. तुमचा प्रसंग आपोआप तिथेच येतो, फक्त लग्नाचा नाही. त्याची गाय तिच्या घरात, तो दारापाशी अवघडून उभा, बाहेर हात लांबवला तर बोटं दिसत नाहीत.

आणि १८७४ला भरघोस सुगी दाखवूच नका. जुलैच्या अखेरीला टोळ आले. मात्र ‘सगळं पीक गेलं’ असंही लिहू नका. गहू बहुतेक ठिकाणी कापून झाला होता, गेला तो उभा मका. भाजीच्या वाफ्यांवर बायकांनी गोधड्या टाकल्या तर टोळांनी गोधड्याही कुरतडल्या. कांदे जमिनीच्या आत पोकळ करून ठेवले. घाम मुरलेल्या फावड्यांचे दांडे आणि घोड्यांचं चामडी सामान खरवडलं. यातली एकच वस्तू निवडा आणि तिच्यावर थांबा. पोखरलेला कांदा हातात धरून उभी असलेली बाई एवढं पुरेसं आहे.

घराचं सांगतो. जमीन ओली असतानाच गवताची ढेप निघते. खास नांगराने फूटभर रुंद, चार इंच जाड असे लांब पट्टे काढतात आणि कुदळीने दोन ते तीन फुटांचे तुकडे पाडतात. एका दिवसात रचून होतील एवढेच काढायचे, कारण वाळले की ठिसूळ होऊन तुटतात. गवताची बाजू खाली ठेवून, दोन ढेपा शेजारी शेजारी; दर काही थरांनी आडव्या घालायच्या म्हणजे सांधे बांधले जातात. भिंत दोन-तीन फूट जाड होते. सोळा बाय वीस फुटांच्या खोलीला सुमारे अर्धा एकर गवताळ जमीन सोलावी लागते.

नवखे चुकतात ते खिडकीपाशी. भिंत वाळताना खाली बसते. चौकटीवर फट ठेवून चिंध्या कोंबल्या नाहीत तर काच तडकते. आणि काच ही त्या घरातली विकत आणलेली सर्वात नाजूक वस्तू. नायकाला हे ठाऊक आहे आणि तो न सांगता फट ठेवतो, असं केलंत तर त्याचं प्रेम शब्दांशिवाय दिसेल. छतातून पाऊस थांबल्यावरही दोन दिवस चिखल गळतो. माती, उंदीर, कधी साप पडू नये म्हणून खाली मांजरपाट ताणून बांधतात. सरपणाला झाडं नाहीत. वाळकं शेण, मक्याची बुरखुंडं, पिळलेलं गवत. शेण चुलीत घालून मग हात न धुता पाव मळणारी नायिका लिहू नका, हात धुणं हा त्या घरातला सततचा उद्योग होता. काटेरी तारेचं कुंपणही नको. तशा तारेचं ग्लिडनचं पेटंट नोव्हेंबर १८७४चं आहे.

एक विनंती. ‘रिकामी जमीन’ हा शब्द निवेदनात येऊ देऊ नका. पॉनी या मूळनिवासी लोकांची राखीव जमीन तिथून जवळच लूप नदीवर होती आणि १८७४-७५मध्ये त्यांना दक्षिणेला इंडियन टेरिटरीत जावं लागलं. तुमचं जोडपं जमिनीचे कागद मोजत असताना शेजारून ही माणसं निघून जात आहेत. विश्वासाबद्दल लिहिणाऱ्या कादंबरीने तिकडे पाठ फिरवू नये.

शब्बाथशाळा:
पाळक दर रविवारी दिसला की जाणकार वाचक पुस्तक मिटतो. सर्किटवरचा (ठरलेल्या गावांचा फेरा करणारा) मेथडिस्ट पाळक घोड्यावरून अनेक ठिकाणं करी, एका जागी काही आठवड्यांनी येई. मधल्या रविवारी शाळेच्या खोलीत किंवा कुणाच्या घरी शब्बाथ शाळा (रविवारची बायबल-शाळा), एखाद्या वडीलधाऱ्याने वाचलेला उतारा, गीत, प्रार्थना. प्रभुभोजन देण्याचा अधिकार दीक्षित एल्डरला, म्हणजे पूर्ण दीक्षा झालेल्या पाळकाला. नवखा उमेदवार पाळक ते देत नाही. वर्षातून चार वेळा त्रैमासिक सभा भरे, प्रिसायडिंग एल्डर (त्या भागातल्या पाळकांचा प्रमुख) येई, तेव्हा प्रभुभोजन, बाप्तिस्मे, साक्षी. सगळा परिसर गाड्या जुंपून गोळा होई. दोघांना लोकांदेखत एकत्र आणायला याहून चांगली जागा नाही. एकाच बाकावर बसवू मात्र नका.

गीतांच्या तारखा तपासाच. ‘अमेझिंग ग्रेस’चे शब्द १७७९ला छापले गेले आणि आजची चाल त्यांना १८३५ला जोडली गेली, त्यामुळे ते चालेल. ‘हाऊ ग्रेट दाऊ आर्ट’ विसाव्या शतकातलं, अजिबात नको.

आता मराठी. मेथडिस्टांच्या तोंडी ‘मिस्सा’ आणि ‘फादर’ घालू नका, ते वसई-गोव्याच्या कॅथलिकांचे शब्द. इथे पाळक, मंडळी, उपासना, साक्ष, तारण, कृपा. ‘नशिबात होतं’, ‘पुण्याई’, ‘नवस’ हे सवयीने येतात, दुसऱ्या वाचनात शोधून काढा. त्या काळच्या अमेरिकन प्रोटेस्टंट जगाबद्दल मराठीत कसं लिहायचं याचा नमुना हवा असेल तर पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ तिथे होत्या. त्यांचं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ १८८९चं आहे. त्यातली वाक्यरचना उचलू नका, पण त्यांनी शब्द कसे निवडले ते पाहा.

‘तुम्ही’ आणि ‘तू’ हा मराठीचा मोठा फायदा आहे, इंग्रजी लेखकाला तो मिळत नाही. पुस्तकभर ‘तुम्ही’ ठेवा. देवाला मात्र ती पहिल्या पानापासून ‘तू’ म्हणते. नायकाचं पहिलं ‘तू’ तिला उद्देशून असावं की देवाला, हे ठरवलंत की त्याचा पालट कुठे घडतो ते तुम्हाला कळेल.

राहिला विश्वासाचा अडसर. २ करिंथ ६:१४मधला ‘विजोड’ हा शब्द (अविश्वासणाऱ्याशी जोडले जाऊ नका) तिला पाठ आहे. तिला नायक आवडतो आणि तरी ती नाही म्हणते, हे प्रामाणिक आहे. पण तिच्यासाठी तो विश्वास ठेवतो असं झालं तर या प्रकारचे वाचक ते सौदा मानतात.

माळरान:
लग्न नोव्हेंबर १८७४ला नेलं, सुगी काढली. टोळांनंतर नायिका बहिणीकडे आयोवाला जाऊन राहते असं ठरत होतं. मग तिचं वास्तव्य तुटतं का? आणि प्रवचन काढलं तर त्याचा पालट कशावर उभा करू?

दप्तरदार:
सहा महिन्यांच्या आत परतली तर तुटत नाही. टोळांनी पीक गेलेल्यांना काही काळ जागा सोडून जाण्याची मुभा काँग्रेसने दिली, पण ती डिसेंबर १८७४मध्ये. ऑगस्टमध्ये हे कुणालाच माहीत नव्हतं. ती भीती तशीच ठेवा.

पालटाची जागा लँड ऑफिसात, म्हणजे जमिनीच्या सरकारी कचेरीत, आहे. जमीन पक्की करताना दोन विश्वसनीय साक्षीदारांनी शपथेवर सांगावं लागे की अर्जदार तिथे राहिली आणि तिने जमीन कसली. या शपथा सर्रास खोट्या होत. बारा बाय चौदाचं घर आहे असं सांगायचं आणि ते फूट की इंच हे बोलायचं नाही, अशा बाहुलीघरांवर जमिनी पक्क्या झाल्या. आता समजा ती आयोवात सात महिने राहिली. त्यासाठी तिला जूनच्या मध्यालाच पाठवा, बहिणीच्या आजारपणासाठी, आणि पक्कं करण्याची तारीख जानेवारीवर न्या. लग्नही त्यानंतरच होईल. दोनपैकी एक साक्षीदार तो. त्याने सात ऐवजी पाच म्हटलं की जमीन तिची, लग्न मोकळं, आणि हे फक्त त्या दोघांनाच ठाऊक. प्रार्थना सोडलेल्या माणसाला खोटं बोलायला काय हरकत आहे?

ती त्याला गप्प राहा म्हणत नाही, खरं सांग असंही म्हणत नाही. ‘होय तर होय, नाही तर नाही’ हे मत्तय ५:३७ त्याला लहानपणी पाठ झालेलं आहे. कारकून टाक दौतीत बुडवून वाट पाहतो. तो सात म्हणतो.

मग जमिनीचं काय होतं हे तुम्ही ठरवा. आक्षेप कुणी घेतला नाही तर कारकून कधी कधी पुढच्या ओळीवर जाई. कुणी घेतला तर तिला त्याच्या १६० एकरांत नव्याने सुरुवात. दोन्ही शेवट चालतील. फक्त त्या सकाळी त्याच्या तोंडी प्रार्थना घालू नका; ती पुढच्या प्रकरणात, नांगर धरलेला असताना, दोन शब्दांची येऊ द्या.

माळरान:
जून आणि जानेवारी लिहून घेतलं. खिडकीवरची फट दुसऱ्या प्रकरणात ठेवते आणि काच शेवटपर्यंत शाबूत.