लटकत्या पॉडचा ट्रॅक: सरळ सेक्शनवरून वळणावर आला की पॉड झोके घेतो, काय चुकतंय?

मेकॅनिकल_फायनल_इयर
नमस्कार मंडळी, आमचा चौघांचा फायनल इयर प्रोजेक्ट आहे, वरच्या ट्रॅकला लटकत जाणाऱ्या छोट्या गाडीचं (आम्ही पॉड म्हणतो) चालतं मॉडेल. ट्रॅकचे तीन सेक्शन, दोन सरळ आणि मधे नव्वद अंशाचं वळण. 40 बाय 40 चे दोन अँगल (एल आकाराच्या लोखंडी पट्ट्या) समोरासमोर, मधे 30 मिमीची खाच, चाकं अँगलवर पळतात आणि खाचेतून दांडा खाली येतो त्याला पॉड. त्रिज्या 1.5 मीटर, स्पीड सेकंदाला 1 मीटर. गणिताने वळणावर पॉड जेमतेम 4 अंश बाहेर जायला पाहिजे, पण मोबाइलवर स्लो मोशनमधे बघितलं तर साडेसात-आठ अंश जातोय, आणि वळण संपून सरळला लागला तरी झोके चालूच. जॉइंट घासून सपाट केले, बेअरिंग बदलली, फरक शून्य. गाईड म्हणतात स्पीड कमी करा. पण स्पीड कमी करून दाखवायचा तर आपण डिझाइन काय केलं? तीन आठवडे उरलेत.

रूळवाले_काका
बाळा, जॉइंट सोड, तुमची आखणीच चुकलीय. सरळ सेक्शनला थेट गोल तुकडा जोडलाय ना? म्हणजे बाजूचा जोर शून्यावरून एका झटक्यात पूर्ण लागतो. लटकलेली वस्तू म्हणजे लंबक, त्याला असा एकदम जोर बसला की तो 4 अंशावर जाऊन थांबत नाही, तेवढाच आणखी पुढे जातो. तुम्हाला दिसतायत ते 8 हेच. रेल्वे असो मेट्रो असो, सरळ आणि गोल यांच्यामधे ट्रांझिशन असतंच, वाक हळूहळू वाढत जातो आणि बाहेरचा रूळ पण त्याच लांबीत हळूहळू उचलतात. तुमच्याकडे रूळ उचलायची भानगड नाही, पॉड स्वतःच झुकतो, म्हणून सगळं ट्रांझिशनवरच आलं. चाकापासून पॉडच्या गुरुत्वमध्यापर्यंत अंतर किती?

मेकॅनिकल_फायनल_इयर
30 सेंमी काका. ट्रांझिशन सर्व्हेइंगला सिव्हिलवाल्यांना होतं, आम्हाला कधी शिकवलंच नाही.

कंपनवेडा
मग तुमचं काम सोपं आहे, नीट वाच. 30 सेंमीच्या लंबकाचा एक झोका (जाऊन परत येईपर्यंत) साधारण 1.1 सेकंदाचा. जोर जर बरोब्बर एका झोक्याएवढ्या वेळात एकसारखा वाढवत नेला तर शेवटी पॉड 4 अंशावर जाऊन शांत होतो, मागे झोका उरत नाही. म्हणजे तुझ्या स्पीडला ट्रांझिशनची लांबी 1.1 मीटर, आत शिरताना एक आणि बाहेर पडताना तेवढंच दुसरं. सरळ रेषेपासून वाक मोजलास तर पहिल्या 22 सेंमीत फक्त 1 मिमी, अर्ध्यावर 17, आणि शेवटी 133 च्या आसपास. पहिले 22 सेंमी डोळ्याला सरळच दिसतात, तिथे फॅब्रिकेटर म्हणेल कशाला एवढी कटकट, पण ऐकू नकोस, सगळी मजा तिथेच आहे. अजून एक, मधला गोल भाग 34 मिमी आत सरकतो आणि वळणाची एकूण लांबी 2.36 वरून साधारण 3.46 मीटर होते, तेव्हा स्टँडच्या जागा परत काढ. अँगल रोलरमधून वाकवून झाल्यावर हे लक्षात आलं तर रडायची वेळ येईल.

शॉप_उद्यमनगर
भावा मी फॅब्रिकेशनवाला, आणि मीच सांगतो 22 सेंमीची कटकट कर 🙂 आतला आणि बाहेरचा अँगल एकाच त्रिज्येत रोल करू नको, दोन्ही वेगवेगळे लागतात, नाहीतर वळणाच्या मधे खाच बरोबर आणि टोकाला आवळलेली. प्लायवर फुल साइज आखून दोन फर्मे (वाक ताडून बघायचे साचे) काप, एक आतल्याला एक बाहेरच्याला. अँगल रोलरमधून काढला की थोडा उलगडतो, म्हणून थोडा जास्त वाक द्यायचा आणि दर पासला फर्म्यावर लावून बघायचा. एका दमात बदलता वाक येत नाही, घाई करू नको. वेल्डिंग सलग मारू नको, आधी टॅक (छोटे छोटे टाके), मग एकदा या टोकाला एकदा त्या टोकाला, नाहीतर अँगल ओढला जातो आणि सगळी मेहनत पाण्यात. आणि जॉइंट ट्रांझिशनच्या सुरुवातीला ठेवू नको, 15 सेंमी मागे सरळमधे घे आणि तिरका काप, म्हणजे चाक फटीत आपटत नाही.

मडगांवकार
झोक्याचं हलक्यात घेऊ नका म्हणून लिहितोय. आमच्या मडगाव स्टेशनजवळ स्कायबसचा 1.6 किमीचा टेस्ट ट्रॅक होता, लटकतीच गाडी. 25 सप्टेंबर 2004 ला ट्रायलमधे डबा खांबाला धडकला आणि एक कर्मचारी गेला. ते खांब पुढे कित्येक वर्षं तसेच उभे होते, मी बघत मोठा झालोय. तुमचे स्टँड वळणाच्या बाहेरच्या बाजूला असतील तर पॉड झुकतो तोही त्याच बाजूला. पॉडचा तळ चाकापासून 45 सेंमी खाली धरला तर 8 अंशाला तो 6 सेंमीच्या वर सरकतो. तेवढी मोकळी जागा धरूनच स्टँड लावा, झोका कमी झाला तरी धरा.

डॉर्टमुंडकर
इथे जर्मनीत डॉर्टमुंडच्या युनिव्हर्सिटीत 1984 पासून अशीच लटकती गाडी चालते, एच-बान. चाकं वरच्या पोकळ बीमच्या आत आणि खाली खाच, म्हणजे तुमचीच रचना. जवळच वुपरटालची 1901 पासूनची आहे, 13.3 किमी, मोठा भाग नदीवरून. तिथे 12 एप्रिल 1999 ला दुरुस्तीच्या कामानंतर ट्रॅकवर लोखंडी क्लॅम्प राहून गेला, सकाळची पहिली गाडी त्याला धडकून नदीत पडली आणि 5 जण गेले. म्हणून एक सांगतो, दर वेळी वेल्डिंग किंवा सेटिंग झालं की पॉड सोडायच्या आधी पुठ्ठ्याचा पॉडच्या मापाचा तुकडा हाताने पूर्ण ट्रॅकवर फिरवा. दोन मिनिटांचं काम आहे.

मेकॅनिकल_फायनल_इयर
अपडेट देतो. फर्मे कापून झाले, शनिवारी नवीन वळण बसवलं. एका टोकाला आमचा वाक हातून जरा जास्त झाला होता, तो फर्म्यावर परत बसवायला रात्र गेली. आता पॉड 4 ते साडेचार अंशाला जातो आणि तिथेच राहतो, बाहेर पडल्यावर एखादी हलकी थरथर, बस. स्पीड तोच, सेकंदाला 1 मीटर. स्टँड आतल्या बाजूला घेतले, पुठ्ठा फिरवला तर एका ठिकाणी बोल्टचं डोकं लागत होतं, ते कापलं. काका, एक विचारायचं राहिलं, आता पॉडमधे वजन टाकून चालवायचं आहे, गुरुत्वमध्य खाली गेला तर लांबी परत बदलायची का?

कंपनवेडा
काकांच्या आधी मीच सांगतो. 30 चे 35 झाले तर झोका 1.1 वरून 1.2 सेकंदाच्या जवळ जातो, थोडी थरथर वाढेल पण 8 अंश परत दिसणार नाहीत. वजन पॉडच्या तळाला न टाकता मधल्या उंचीला बांध, ट्रॅकला हात लावू नको.