मदत हवी आहे: दहा-बारा वर्षं ठेवायला होंडा सिटी, फोक्सवॅगन व्हर्टस की ह्युंदाई व्हर्ना?

नमस्कार मंडळी,

घरात रोज संध्याकाळी गाडीचाच विषय निघतोय आणि निर्णय काही होत नाही, म्हणून जाणत्यांना विचारते.

आम्ही कोल्हापुरात नागाळा पार्कला राहतो. माझी नोकरी इचलकरंजीला, त्यामुळे रोजचं जाणं-येणं. माहेर मालवणकडे. तिकडे कधी गगनबावड्यावरून करूळ घाट, कधी राधानगरीवरून फोंडा घाट. मुलगी पुण्यात शिकते, म्हणजे हायवेही आलाच. गाडी बहुतेक वेळा मीच चालवते आणि लांबच्या प्रवासात सासूबाई सोबत असतात. त्यांचे दोन्ही गुडघे दुखतात. एकदा गाडी घेतली की ती पूर्ण वापरायची, अशी आमच्या घरची रीत आहे. सध्याची डिझेल सेडान तशीच वापरली आणि तिनं कधी रस्त्यात सोडलं नाही. आता तिचं वय झालं.

ज्याला विचारावं तो म्हणतो एसयूव्ही घे. मला सेडानच हवी आहे. घाटाच्या वळणांवर ती कमी झुलते, त्यामुळे मागे बसणाऱ्यांना मळमळत नाही. शिवाय डिकी वेगळी असते. मालवणहून येताना सोबत सुकट, सुका बांगडा असतोच. तो वास डिकीतच राहावा, सासूबाईंच्या मांडीवर येऊ नये, एवढी माझी साधी अपेक्षा आहे.

बजेट ऑन रोड १८ लाखांच्या आत, ऑटोमॅटिक हवी. डिझेलचा प्रश्नच मिटलाय. सिटी आणि व्हर्ना दोघींनी २०२३ मध्ये डिझेल बंद केलं, व्हर्टस आणि स्कोडाच्या स्लाव्हियात ते कधी नव्हतंच. मारुतीची सियाझ सासूबाईंना सगळ्यात जास्त आवडली असती, पण ती २०२५ मध्ये बंद झाली. सिटीची हायब्रिड आमच्या आवाक्याबाहेर आहे आणि तिची डिकीही ३०६ लिटरचीच, कारण बॅटरी मागे बसवलेली असते. साध्या सिटीत ५०६ लिटर मिळतात.

तीन गाड्या चालवून पाहिल्या. शोरूमवाल्यांना विनंती करून रत्नागिरी रोडनं वाघबीळच्या चढापर्यंत नेल्या, कारण सपाट रस्त्यावर सगळ्याच गाड्या चांगल्या वाटतात.

सिटी: १.५ लिटरचं टर्बो नसलेलं इंजिन, १२१ पीएस ताकद, १४५ न्यूटन मीटर जोर, सीव्हीटी म्हणजे गिअरच्या पायऱ्या नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. गावात इतकी मऊ चालते की राजारामपुरीच्या गर्दीत गाडी चालवतोय असं वाटत नाही. पण तो १४५ चा जोर ४,३०० आरपीएमला मिळतो. चौघं बसून चढाला दाबली तर आधी इंजिनचा आवाज चढतो, मग वेग येतो. चढते, अडत नाही, पण ट्रकला ओलांडायचं तर आधीच ठरवून ठेवावं लागतं.

व्हर्टस: १.० लिटर, तीन सिलिंडर, टर्बो. ११५ पीएस म्हणजे कागदावर सिटीपेक्षा कमी, पण १७८ न्यूटन मीटर जोर १,७५० आरपीएमच्या आसपासच हजर होतो. त्याच चढावर ती अशी निघाली की मी पाय सैल सोडला. स्टिअरिंगला वजन आहे, वेगात गाडी रस्ता धरून बसते. मनापासून सांगायचं तर चालवायला हीच आवडली. जमिनीपासून उंचीही १७९ मिमी, सिटीची १६५. उलट बाजूनं सांगायचं तर सिग्नलला उभी असताना तीन सिलिंडरची थरथर किंचित जाणवते आणि मागच्या सीटच्या मध्ये बोगदा इतका उंच आहे की तिसऱ्या माणसानं पाय ठेवायचे कुठे हा प्रश्न. १.५ टर्बो बजेटमध्ये बसत नाही. स्लाव्हियाचा सांगाडा आणि इंजिनं तीच, दोन्ही चाकणलाच बनतात, म्हणून वेगळं लिहीत नाही.

व्हर्ना: फीचर्समध्ये हिच्या जवळपास कुणी नाही. १.५ टर्बोचे १६० पीएस आणि २५३ न्यूटन मीटर मला गरजेपेक्षा जास्त वाटले. साधं ११५ पीएसचं इंजिन सिटीच्याच जातीचं.

आता सासूबाईंबद्दल, कारण माझ्यासाठी हा मुद्दा मोठा आहे. त्या गाडीत बसताना आधी पाठमोऱ्या होऊन सीटच्या कडेवर टेकतात, पदर सावरतात, मग गुडघ्याखाली हात घालून एकेक पाय आत घेतात. सिटीत हे एका दमात झालं. व्हर्टसमध्येही झालं, फक्त बाहेर येताना माझा हात लागला. व्हर्नाचं छप्पर मागे उतरतं आहे. तिथं त्यांचं कपाळ दाराच्या वरच्या कडेला घासलं आणि त्या लगेच म्हणाल्या, "ही नको गं." त्यामुळे व्हर्ना जवळजवळ बाद आहे, पण कुणाचा अनुभव वेगळा असेल तर ऐकायचाय.

सुरक्षिततेचं म्हणाल तर व्हर्टस आणि व्हर्नाला ग्लोबल एनकॅप या गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या संस्थेचे २०२३ मध्ये ५ तारे मिळालेत. पाचव्या पिढीच्या सिटीला ५ तारे आहेत ते आग्नेय आशियातल्या आसियान एनकॅपचे, म्हणजे ती चाचणी आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या गाडीची नव्हे.

माझे खरे प्रश्न शोरूममध्ये कुणी सोडवत नाही. वॉरंटी संपल्यावर आणि ८०,००० किमीच्या पुढे या गाड्या कशा वागतात? टर्बो आणि सीव्हीटी यांपैकी म्हातारपण कुणाचं बरं जातं? गळीत हंगामात इचलकरंजी रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला. सिटीतली आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा तिथं कामाला येते का? आणि पुराचं काय? आमच्या भागात २०१९ ला आणि २०२१ ला काय झालं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको.

एक शेवटचं. मिस्टरांचा शिरोलीला छोटा कारखाना आहे, प्रायव्हेट लिमिटेड. गाडी कंपनीच्या नावावर घ्या असं एकानं सुचवलंय. फायदा होतो का?

प्रतिसाद:

ताई, उद्यमनगरात गॅरेज आहे, तीस वर्षं हेच करतोय. सरळ सांगतो.

सीव्हीटीला लोक उगाच भितात. सिटीचं इंजिन साधं हाय, पेट्रोल सिलिंडरच्या बाहेर फवारतं, त्यामुळं व्हॉल्व्ह धुतले जातात. टायमिंगला चेन हाय. ऑइल वेळेवर बदला, सीव्हीटीचं ऑइल वेगळं असतंय ते पण बदला, आणि घाटात पूर्ण भरलेली गाडी सारखी तळापर्यंत दाबत ऱ्हाऊ नका. बास. ही गाडी बारा वर्षं आरामात जाते.

टर्बो वाईट न्हाई, पण ती शिस्त मागते. त्यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारतात, त्यामुळं व्हॉल्व्हवर काजळी धरते. पुढंमागं साफ करायला लागते. टायमिंगला चेन न्हाई, बेल्ट हाय. त्याची मुदत पुस्तकात बघायची आणि पाळायची, कारण बेल्ट तुटला तर इंजिनच उघडायला लागतंय. घाट चढून गगनबावड्याला चहाला थांबला की लगेच चावी बंद करू नका, मिनिटभर चालू ठेवा. लोक हसतात, पण टर्बोचं आयुष्य त्यातच हाय.

तुम्ही बघताय त्या १.० व्हर्टसमध्ये सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर हाय, म्हंजी तेलातनं जोर पोचवणारा ऑटोमॅटिक, ही जमेची बाजू. मोठ्या १.५ मध्ये डीएसजी गिअरबॉक्स येतो, कोरड्या दोन क्लचचा. गर्दीत आणि चढावर रांगत चाललं की तो तापतो. बजेट वाढवून तिकडं जाऊ नका.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल, आपल्याच साखर कारखान्यांचं. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते, तवा मायलेज थोडं पडणार, ते कुठल्याबी गाडीत. नव्या गाड्या त्याला चालतात, भिऊ नका.

प्रतिसाद:

सिटी सीव्हीटी, २०२० ची, आता ९०,००० च्या पुढे. ब्रेक पॅड, टायर, बॅटरी, एक सस्पेन्शनचं बुश, याव्यतिरिक्त काही नाही. गिअरबॉक्सला हात लागलेला नाही.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. पाच माणसं आणि सामान असेल तर गावागावांतल्या बेकायदा गतिरोधकांवर पोट घासतं. तिरकी घालायची सवय करावी लागते. दुसरं म्हणजे करूळ घाट उतरताना सीव्हीटी आपणहून इंजिनचा ब्रेक पुरेसा देत नाही. स्टिअरिंगमागे पॅडल आहेत, ते वापरून आरपीएम वर धरायचा. नाहीतर वैभववाडी येईपर्यंत ब्रेकचा वास येतो.

आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा माझ्या गाडीत नाही, बहिणीच्या २०२३ च्या सिटीत आहे. ती कॅमेऱ्यावर चालते. दिवसा, स्वच्छ हवेत छान. पण विनादिव्याची ट्रॉली अंधारात आपल्याला दिसत नाही तर कॅमेऱ्याला दिसेलच असं धरून चालू नका. त्यापेक्षा हेडलाइट चांगले असलेलं व्हेरियंट घ्या आणि रात्री वेग ६० च्या खाली ठेवा.

प्रतिसाद:

कंपनीच्या नावावर घेण्याआधी हिशोब मांडा. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावर १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के आरटीओ कर लागतो, कंपनीच्या नावावर २० टक्के. गाडीवरच्या जीएसटीचं क्रेडिट अशा प्रवासी गाडीला मिळत नाही. राहतो तो फक्त घसाऱ्याचा फायदा. तुमच्या सीएंना आकडे घालून विचारा, पण गाडी दहा-बारा वर्षं ठेवणार असाल तर मला वैयक्तिक नावच बरं वाटतं. जीएसटीही या गाड्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकरासह ४५ वरून ४० टक्क्यांवर आलाय, तो दिलासा दोन्हीकडे सारखाच.

पुरासाठी: विम्यात इंजिन प्रोटेक्ट नक्की घ्या. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत पुराचं नुकसान धरतात, पण पाण्यात गाडी चालू केली आणि इंजिनात पाणी ओढलं गेलं तर त्याची भरपाई सहसा नाकारतात. गाडीत पाणी शिरलं असेल तर चावी फिरवायचीच नाही, टोइंग बोलवायचं. आणि पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट न बघता गाडी उंचावर न्यायची. शेजारी काय करतात ते बघत बसू नका.

धागाकर्तीचं उत्तर:

सगळ्यांचे आभार, विशेषतः उद्यमनगरच्या दादांचे. बेल्ट आणि काजळीबद्दल शोरूममध्ये कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

कंपनीच्या नावाचा विषय बंद, मिस्टरांना २० टक्क्यांचा आकडा दाखवल्यावर तेच नको म्हणाले.

आता मन सिटीकडे झुकतंय आणि वाईटही वाटतंय, कारण वाघबीळच्या चढावर व्हर्टसनं जो आनंद दिला तो विसरता येत नाही. पण मी महिन्यातले बहुतेक दिवस इचलकरंजी रस्त्यावर असते, घाटात क्वचित. मागच्या सीटवरचं माणूस मात्र प्रत्येक लांबच्या प्रवासात तेच असणार. रविवारी सासूबाईंना घेऊन पुन्हा एकदा सिटी आणि व्हर्टस, दोन्ही पाऊण तास सलग चालवून बघते, त्यांना मागे बसवूनच.

एवढ्यासाठी अजून मदत हवी आहे: १.० व्हर्टस किंवा स्लाव्हिया ऑटोमॅटिक ७०,००० किमीच्या पुढे नेलेलं कुणी कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे असेल तर कृपया लिहा. सर्व्हिसला दर वेळी साधारण किती खर्च आला, सुटा भाग मागवावा लागला तर किती दिवस गाडी उभी राहिली, आणि चार वर्षांनंतर एसी उन्हाळ्यात कसा चालतो, एवढं सांगितलं तरी चालेल. सिटीवाल्यांनी पोट घासण्यावर काही उपाय केला असेल, स्प्रिंगला रबर किंवा थोडे उंच टायर, तर त्यानं चालण्यात फरक पडला का आणि वॉरंटीला अडचण आली का तेही लिहा. बुकिंग गणपतीच्या आधी करायचं आहे.