नवीन टँकमध्ये मासे कधी सोडायचे?

मुलीसाठी दोन फुटी टँक आणलाय, फिल्टर चालू आहे, पाणी आरशासारखं स्वच्छ दिसतंय. दुकानदार म्हणतो उद्याच गप्पी सोडा. सोडू का?

जलचर: नका हो, थांबा जरा! पाणी स्वच्छ दिसतंय म्हणजे तयार झालं असं नसतं, त्यातला विषारी अमोनिया डोळ्याला दिसतच नाही. माशांच्या विष्ठेतून अन् उरलेल्या खाण्यातून तो तयार होतो, मग फिल्टरच्या स्पंजमध्ये वाढलेले बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, ते पण विषारीच, आणि पुढे नायट्रेट, जे थोडंफार चालतं. हे बॅक्टेरिया जमायला साधारण 4 ते 6 आठवडे जातात. तोवर चिमूटभर खाणं टाकत रहा, ते कुजून अमोनिया होतो, आणि थेंबवाली टेस्ट किट घ्या. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य अन् नायट्रेट दिसायला लागलं की समजा टँक तयार.

नदीकाठ: ओळखीत कुणाचा जुना निरोगी टँक असेल तर त्यांच्या फिल्टरचा थोडा स्पंज मागून आणा, ओलाच ठेवा, खूप वेळ वाचतो. आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्यात स्पंज धुवू नका, बॅक्टेरिया मरू शकतात.

प्रश्नकर्ता: बरं झालं विचारलं. मग सगळे मासे एकदम सोडू ना?

जलचर: नाही, आधी 3-4 गप्पीच. आठवडाभर रोज टेस्ट करा, शून्य राहिलं तरच पुढचे.